मामाजींना भाषण लागायचं

कोणाला सुपारी लागते, कोणाला तंबाखू. आमच्या मामाजींना भाषण लागायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. सुपारी लागली तर माणसाला गूळ खायला घालतात, डोक्यावर पाणी मारतात, घटकाभरात तो ठिकाणावर येतो. भाषण लागलेल्या माणसावर कोणता उतारा करावा, हे ना वैद्याला माहीत होतं ना आत्याबाईंना.

मी लग्न होऊन या घरात आले ती स्वातंत्र्यानंतरची पहिली-पहिली वर्षं. तिरोड्याकडचं गाव. मधे तलाव आणि भोवती धानाच्या बांध्या. पाणी अडवायला चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं वावर म्हणजे बांधी. इंग्रज गेला आणि आधी काय मोकळं झालं असेल तर लोकांच्या जिभा. ज्याच्या अंगावर धुतलेला सदरा, तो वक्ता. शाळेतलं टेबल आणायचं, त्यावर कोणाच्या तरी रुखवतातली चादर टाकायची, पितळी तांब्या ठेवायचा, की झाली सभा. मत कोणाला द्या, खत कोणतं टाका, देवीची लस काऊन, म्हणजे कशासाठी, टोचून घ्या, सगळं त्या तांब्याच्या मागून सांगितलं जायचं. राज्यंसुद्धा आम्हाला बदलून मिळत होती. आधी मध्यप्रदेश होता, मग मुंबईचं राज्य झालं, त्यानंतर महाराष्ट्र. आमचं गाव जागचं तसूभर हललं नाही, पण प्रत्येक बदलाच्या आधी एक भाषण आणि नंतर एक भाषण झालंच.

आणि प्रत्येक भाषणाला सगळ्यात पुढे आमचे मामाजी. मांडी घालून, धोतराचा सोगा पोटाशी धरून, तोंड किंचित उघडं. वक्ता डावीकडे वळला की यांची मान डावीकडे, वक्त्यानं हात वर केला की यांच्या भुवया वर. मी पुढे आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, काही दिलीसुद्धा, त्यावरून सांगते. वक्त्याला हजार माणसं लागत नाहीत. मामाजींसारखा एक पुढे बसला की त्याचं काम झालं. तो त्या एका तोंडाकडे बघून बोलतो आणि बाकीचे तिकडे बघून टाळ्या वाजवतात.

बरं, माणूस वाईट होता का? अजिबात नाही. कष्टाळू होता, दारूच्या थेंबाला शिवला नाही, कोणाशी भांडण नाही. फक्त कानाचा हलका. आणि कानाचा हलका म्हणजे किती हलका, ते ऐका.

चहा हे विष आहे, असं एकानं येऊन सांगितलं. मामाजी सभेतून उठून थेट घरी आले आणि चुलीवरची चहाची गंजी उचलून उकिरड्यावर रिकामी केली. माझा नवरा समोर कपबशी घेऊन बसला होता, तो तसाच बसून राहिला. दुसरा एक आला, त्यानं खताचा खड्डा कसा असावा ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारासमोर हा एवढा खड्डा. मग तिसरा आला स्वच्छतेवर बोलायला. मामाजींनी त्याला आग्रहानं घरी फराळाला आणलं आणि तो बिचारा अंधारात खड्ड्यात गेला. पांढऱ्या कपड्यांसकट! वर आल्यावर त्यानं जे सुनावलं तेही मामाजींना भाषण वाटलं. लगेच खड्डा बुजवला.

धान जपानी पद्धतीनं रोवा, दोरी लावून ओळीत रोवा, असंही एकदा झालं. मामाजी दोरी घेऊन चिखलात उभे. रोवणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या पाय मागे टाकत रोवत आलेल्या, त्यांना म्हणे दोरी सोडून जाऊ नका. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “का गा पाटील, या जपानात जेवन-पानी भेटते का नाई?” अर्धी बांधी दोरीनं झाली आणि मधेच दुसऱ्या गावी कोणाची तरी सभा लागली, म्हणून मामाजी दोरी तिथंच टाकून गेले. उरलेली अर्धी आमच्या पद्धतीनं झाली. पीक दोन्हीकडे सारखंच आलं.

पहिल्या निवडणुकीत त्यांनी सगळ्या उमेदवारांना मत द्यायचं कबूल केलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नाही हो! त्या त्या वेळी ते पूर्ण खरं होतं. ज्याचं भाषण शेवटी, मामाजी त्याचे. आणि घरी आल्यावर विचारावं की वक्ता काय म्हणाला, तर ते सांगता यायचं नाही. “असा हात केला न वो त्यानं, असा! आन मंग थांबला. कोनी हललं नाई.” हात कसा केला ते करून दाखवायचे. काय बोलला ते विचारलं की चिडायचे.

आत्याबाई अगदी उलट. बाई कमी बोलायची. बोलली की जेवढ्यास तेवढं. मी नवी असताना मला त्यांची भीती वाटायची, मग कळलं की घरात ऐकणारं कोणी नसलं की माणूस बोलणं वाया घालवत नाही. त्यांचा जीव एका गोष्टीत होता, तलावाखालच्या बांधीत.

ही बांधी त्यांची स्वतःची होती. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यानं, भरल्या मांडवात, अक्षता पडल्यावर उठून सांगितलं होतं की तलावाखालची बांधी मी सुनेला दिली. कागद नाही, शिक्का नाही. तेव्हा मांडवात बोललेलं म्हणजे दगडावर कोरलेलं. गाव तिला ‘बाईची बांधी’ म्हणायचं. तलावाच्या पाळीतून बाराही महिने थोडं-थोडं पाणी झिरपायचं, म्हणून घरचे सगळे पऱ्हे तिथं टाकायचे. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती आधी एका जागी दाट उगवतात, मग खणून बाकीच्या बांध्यांत रोवतात. पाऊस आला आणि मधेच दडी मारून बसला, की गावातले पऱ्हे पिवळे पडायचे, बाईच्या बांधीतले हिरवेगार. पऱ्हे गेले तर रोवणा नाही, आणि रोवणा नाही तर वर्षभर काय खायचं, टाळ्या?

आता नशीब असं की ही बांधी रस्त्याला लागून. आणि त्याच रस्त्यानं गोंदियाकडून एका वक्त्याची मोटार यायला लागली.

हे वक्ते साधेसुधे नव्हते. उंच, गोरे, खांद्यावर घडी न मोडलेलं उपरणं. बोलायचे अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि रडवायचे दोन्हीत. त्यांच्या मनात एक कल्पना होती. गावोगावी माणसं झाडाखाली बसून भाषण ऐकतात, ऊन लागतं, पाऊस आला की उठून पळतात. म्हणून प्रत्येक गावात एक पक्कं सभा-मंदिर हवं. म्हणजे भाषणं द्यायला घर! आमच्या गावी शाळेला छप्पर गळकं, बाळंतपणाला बाई तिरोड्याला न्यायची तर बैलगाडी, आणि यांना भाषणाला घर पाहिजे. त्यांची मोटार जिथं थांबायची तिथून समोर सपाट, हिरवी, सुंदर जागा दिसायची. ती जागा त्यांच्या डोळ्यांत भरली. ती बाईची बांधी होती.

ते एकदा घरी येऊन गेले. मामाजी हात जोडून उभे. आत्याबाई दाराआडून म्हणाल्या, “तिथं पानी राह्यते. घर उभं राहनार नाई.” वक्त्यांनी दाराकडे वळून हात जोडले. “माताजी, जहां संकल्प होता है, वहां पानी भी रास्ता छोड देता है!” मामाजींच्या अंगावर काटा आला, मला दिसला. धानाच्या बांधीतून पाणी हटवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “मंग खाऊ काय?” पण तोवर वक्ते मोटारीपर्यंत पोचले होते.

दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दुकानं येतात, पाळणा येतो, माहेरवाशिणी येतात, शिंगाडे आणि जिलेबीचे ढीग लागतात आणि रात्री नाटक होतं. नाटक म्हणजे आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांचा जीव. वावरात धान कापायचं पडून राहील, पण नाटकाला जागा धरायला दुपारीच पोतं अंथरून येणार. वक्त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी निरोप धाडला की मंडईच्या दिवशी, नाटकाच्या आधी, नाटकाच्याच मांडवात सभा होईल आणि सभा-मंदिराच्या जागेची घोषणा तिथंच होईल.

घोषणा कोण करणार, हे आत्याबाईंना सांगायची गरज नव्हती. सकाळीच त्यांनी मामाजींना समोर बसवलं. “मंडईत जा. जिलेबी खा. गोऱ्हे पाहा. पन मांडवाकडे जाचं नाई. माझी बांधी आहे ते, तुमची नाई.” मामाजींनी शपथ घेतली. त्यांची शपथसुद्धा खरी असायची. तरी आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याला त्यांच्यासोबत दिलं आणि सांगितलं, बाबाले सोडू नको, बोट धरून ठेव. आम्ही दोघी मांडवातच बसलो, बायांच्या बाजूला. मामाजी आलेच तर दिसावेत म्हणून.

सगळं जमलंही असतं. पण त्या वर्षी वक्त्यांनी भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, बांबूला उंच बांधलेला भोंगा! आमच्या मंडईत पहिल्यांदाच आलेला. मामाजी पार तिकडे, गोऱ्ह्यांच्या बाजारात उभे होते. आवाज तिथं जाऊन पोचला. माझा नवरा नंतर सांगत होता, “बाबानं एका गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवला होता. ‘भाईयों और बहनों’ आलं आन हात तसाच उचलला. मी धोतर धरलं त सोगा माझ्या हातात!” थोड्याच वेळात मामाजी सोगा खोचत पुढच्या रांगेत येऊन बसले. आत्याबाई दातांनी शिंगाडा सोलत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पुढचा शिंगाडा उचलला.

मंचावर मागे नाटकाचा पडदा सोडलेला होता. त्यावर राजवाडा, लाल खांब, कारंजं, दोन मोर. वक्ते त्या दोन मोरांच्या मधे उभे राहिले. काय बोलले म्हणता! सुरुवात अशी हळू, की पुढचे श्वास धरून बसले. मग विचारलं, या गावात हृदय असलेलं कोणी आहे का. मग पाणी प्यायले. पाणीसुद्धा असं प्यायले की दोन-चार जणांचे डोळे भरले. “तुम्हारे घर को छप्पर है, तुमच्या गुरांना छप्पर आहे, पण तुमच्या विचारांना छप्पर आहे का? तुमचे विचार पावसात भिजत आहेत!” माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मी विचारलं, काऊन रडते वो? म्हणाली, भिजून राहिले म्हन्ते ना. मी कपाळावर हात मारला. तिच्या घरचे कोणते विचार भिजत होते, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग वक्त्यांनी आवाज एकदम वर नेला, हात पुढे केला, असा, आणि थांबले. कोणी हललं नाही. “कौन है? कोण आहे?” नजर नेमकी मामाजींवर.

मामाजी उठले. तोंडावर असं तेज, की अंगात देव आलेल्या माणसाच्याही नसतं. “मी देतो! तलावाखालची बांधी मी सभा-मंदिराले देतो!”

काय त्या टाळ्या! पेटीवाल्यानं पेटीवर सूर धरला, तबलेवाल्यानं थाप दिली, जशी नाटकात राजानं राज्य सोडल्यावर देतात. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. इथं दुसऱ्याचीच विकली गेली. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरचे शिंगाडे खाली सांडले होते आणि त्या उभ्या राहिल्या होत्या.

“आत्याबाई, बसा,” मी म्हटलं. त्या बायांमधून वाट काढत निघाल्या. मंचाला बाजूनं लाकडी पायऱ्या होत्या, त्या चढल्या. आमच्या मांडवात तोवर मंचावर बाई चढली नव्हती; बाईचं कामसुद्धा मिशा भादरलेले पुरुषच करायचे. नाटकाचा निवेदक तिथं उभा होता. त्याला वाटलं, दानाला दुजोरा द्यायला आल्या. त्यानं कौतुकानं सांगितलं, “आता दानशूर दात्यांच्या धर्मपत्नी दोन शब्द बोलतील!” आणि ते बोलायचं यंत्र त्यांच्या तोंडासमोर धरलं.

आत्याबाईंनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“मले भाषन येत नाई,” त्या म्हणाल्या, आणि भोंग्यातून स्वतःचा आवाज आल्यावर दचकल्या. मग बोलल्या. “हे बांधी माझी आहे. माझ्या सासऱ्यानं मांडवात देल्ली. तवा तुमच्यातले किती तरी जेवाले होते. जेवले का नाई गा? मंग आता खाली काऊन पाहून राहिले?”

पुढे बसलेली म्हातारी माणसं खरंच खाली पाहत होती.

“पाऊस गेला होता त्या साली तुमच्या घरचे पऱ्हे जळले. कोनाच्या बांधीतून नेले? माझ्या. मी कोनाले नाई म्हनलं? त्या बांधीत मी पाय सडेस्तोवर उभी राहिली. आन त्या बांधीत माझी लेक आहे.”

 जिलेबीवाल्याच्या कढईतला आवाज ऐकू येत होता.

“पऱ्हे खनत होती मी. तिथंच पोटात कळ आली. तिथंच झाली. नाव ठेवाच्या आधीच गेली. झडी लागून होती, घरी मानूस नव्हता. मीच नेली. तलावाकडच्या धुऱ्यावर, सिंदीच्या झाडाच्या बुडाशी ठेवली. तिच्यावर टेबल मांडून तुमी भाषन देनार का?”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं, एका ताटात जेवले त्यांच्यासोबत, आणि मला माहीत नव्हतं.  आजूबाजूला बाया हुंदके देत होत्या. पुरुषही रडत होते. पुढच्या रांगेत मामाजी तर लहान मुलासारखे रडत होते, उपरण्यानं नाक पुसत होते.

आणि मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोर!”

दुसरा ओरडला. मग दहा जण. आमच्या पब्लिकची सवयच ती. मंचावर काही आवडलं की एकदा ऐकून पोट भरत नाही, पुन्हा करून दाखवा. राणीचा विलाप असो की राजाची प्रतिज्ञा, वन्स मोर घेतल्याशिवाय नाटक पुढे सरकू देत नाहीत. एक गडी मंचावर चढला आणि त्यानं आत्याबाईंच्या हातात बक्षीस ठेवलं. निवेदकानं लगेच त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव पुकारलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे मेल्यांनो, बाई जीव तोडून सांगून राहिली आणि तुम्ही बक्षीस देऊन राहिले?

आत्याबाई कधी नाटकाला बसत नसत. वन्स मोर म्हणजे काय, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी निवेदकाला विचारलं, का म्हन्तेत? तो म्हणाला, “पुन्हा सांगा म्हन्तेत, बाई.” त्यांना वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. बरोबरच आहे, ऐकू गेलं असतं तर कोणी पुन्हा कायले विचारलं असतं? म्हणून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. सासरा, पऱ्हे, झडी, तलावाकडचा धुरा, सिंदीचं झाड. जरा मोठ्यानं, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं. लोक पहिल्यापेक्षा जास्त रडले. मला तर कान बंद करावेसे वाटले.

वक्ते मुरलेले होते. एवढं सगळं हातातून चाललेलं पाहून त्यांनी यंत्र हळूच आपल्याकडे ओढलं. त्यांचेही डोळे ओले होते. त्यांना ते केव्हाही ओले करता यायचे. “देखा आपने? ज्या भूमीत आपली लेक ठेवली, ती भूमीसुद्धा या माउलीनं समाजाला दिली! इससे बडा त्याग क्या होगा?” पुन्हा टाळ्या. ज्या हातांनी आत्ता डोळे पुसले, त्याच हातांनी टाळ्या! आत्याबाई म्हणत होत्या, “मी देल्ली नाई. मी नाई देल्ली.” पण यंत्र आता त्यांच्या तोंडासमोर नव्हतं. बांधी गेली, असं मी धरूनच चालले.

पण वक्त्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकला. त्यांना वाटलं, शेवटचं भाषण आपलं. आत्याबाई रडत नव्हत्या, हात वर-खाली करत नव्हत्या, नुसत्या “नाई देल्ली” म्हणत तिथं उभ्या होत्या, आणि मामाजी पुढच्या रांगेत होते. भोंग्याशिवायचं ते बोलणं फक्त पुढच्या रांगेला ऐकू येत होतं. मामाजी ताडकन उठले. गावभर बैल हाकलेला आवाज तो, त्याला यंत्र लागत नव्हतं.

“थांबा! थांबा जी! हे बांधी मी दान देतो. हिले! या मंडईसमोर हिले देतो! आन हिच्या बांधीत जो पाय ठेवन, त्याची माझी गाठ आहे!”

टाळ्यांनी मांडव कोसळतो की काय असं झालं. पेटी, तबला, शिट्ट्या. स्वतःच्या बायकोची जमीन बायकोलाच दान देणारा दाता आमच्या पंचक्रोशीनं पहिल्यांदा पाहिला होता. वक्त्यांनी क्षणभर त्या गर्दीकडे पाहिलं, आणि शहाणा माणूस, स्वतःच्या गळ्यातला हार काढून मामाजींच्या गळ्यात घातला. निवेदकानं दात्याचं नाव पुकारलं. सभा संपली. सभा-मंदिर मग कुठल्या गावी झालं की नाही, मला ठाऊक नाही, आमच्याकडे तो विषय पुन्हा निघाला नाही. रात्री नाटकात राणी रडली तेव्हा कोणी वन्स मोर दिला नाही म्हणतात. राणीचं काम करणारा गडी फार नाराज होता.

मी त्या संध्याकाळी आत्याबाईंना घरी घेऊन आले.  मी वाटभर आनंदात होते, लपवत नाही. बांधी वाचली होती. आणि मला वाटत होतं, इतक्या वर्षांत माणसानं आपल्या बायकोचं ऐकलं तर! त्यासाठी बाईला मंचावर चढावं लागलं, यंत्रासमोर काळीज काढून ठेवावं लागलं, पण ऐकलं. जा बाई, सुटलीस, असं मनात म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी भारी खुशीत. हार खुंटीला टांगलेला. शेजारी आले, पाहुणे आले, प्रत्येकाला अंगणात उभं करून आत्याबाई कशा पायऱ्या चढल्या, कशा थांबल्या, ते करून दाखवत होते. “असा हात नाई केला हिनं, काहीच नाई केलं! नुसती उभी! आन पब्लिक गार!” मी आत चूल फुंकत होते, आत्याबाई भाकरी थापत होत्या. मामाजी स्वयंपाकघराच्या दारात आले. ते सहसा तिथं येत नसत.

“काय बोल्लीस वो!” ते म्हणाले. “मोठमोठ्या लोकाइची भाषनं ऐकली मी, पन असं नाई ऐकलं. आन ते लेकराचं कसं सुचलं तुले? तिथंच त पब्लिक रडली!”

भाकरी तव्यावर पडली. आत्याबाईंचे हात पिठात तसेच राहिले.

“सुचलं नाई,” त्या म्हणाल्या. “झालं होतं. तुमी भंडाऱ्याले सभेले गेले होते. आल्यावर सांगतलं होतं मी तुमाले.”

मामाजी दारात उभे. तोंड किंचित उघडं, सभेत असायचं तसंच. अंगणात पाहुणे हाक मारत होते, त्यांनी ओ दिली नाही.  मग त्यांनी, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, उत्तर ऐकायचं म्हणून आत्याबाईंना काही विचारलं.

“कोनत्या धुऱ्यावर?”

आत्याबाईंनी भाकरी उलटली.

“सांगतलं ना काल,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”